जुन्या सर्व्हरची स्मृती कोण खातो?

पुष्कळ घरांत आणि शाळांत दहा-बारा वर्षांचा एखादा जुना संगणक कोपऱ्यात पडून असतो. रोजच्या कामाला तो संथ वाटू लागतो, नवा विकत घेतला जातो आणि जुन्यावर धूळ बसू लागते. अशा संगणकावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली घातली, तर त्याला चोवीस तास चालणारा सर्व्हर बनविता येते. सर्व्हर म्हणजे पुरविणारा. घरातील सर्वांची छायाचित्रे, जुन्या ध्वनिफितींवरून उतरवून घेतलेले आजीचे आवाज, शाळेच्या ग्रंथालयाची सूची, असे सारे त्याच्या डिस्कवर ठेवायचे. आणि घरातील मोबाइल किंवा दुसरा संगणक मागेल तेव्हा त्याने ते पुरवायचे.

अशी व्यवस्था दोन-तीन वर्षे सुरळीत चालते. मग एके दिवशी छायाचित्र उघडायला अर्धे मिनिट लागते. पुढच्या आठवड्यात यंत्र उत्तरच देईनासे होते. पडद्यावर पाहावे तर स्मृती ९५ टक्के वापरात! घरात लगेच निकाल लागतो : "म्हातारे झाले यंत्र, भंगारात द्या."

हा निकाल घाईचा आहे. माणसाची स्मृती वयाबरोबर मंदावते, परंतु संगणकाच्या स्मृतीचे तसे नसते. बारा वर्षांपूर्वी ४ गिगाबाइट असलेली स्मृती आजही ४ गिगाबाइटच असते. बदललेले असते ते तिच्यावर पडणारे ओझे. ते ओझे कोणाचे आहे, हे मोजून कसे शोधावयाचे, ते आज आपण पाहू.

आरंभीच एक सूचना. तपासणीला हात घालण्यापूर्वी सर्व्हरवरील महत्त्वाच्या माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. यंत्र दुसरे मिळेल. आजीचा आवाज दुसरा मिळणार नाही.

ओटा आणि कोठी

संगणकात माहिती ठेवण्याच्या मुख्यतः दोन जागा असतात. एक डिस्क आणि दुसरी रॅम. आपण 'स्मृती' म्हणतो ती रॅम.

स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. वर्षाचे धान्य, डाळी, मसाले कोठीच्या खोलीत असतात. स्वयंपाक मात्र ओट्यावर होतो. कोठी मोठी पण लांब. ओटा लहान पण हाताशी. डिस्क म्हणजे कोठी आणि रॅम म्हणजे ओटा. वीज गेली की ओटा पुसला जातो, कोठीतील वस्तू मात्र तशाच राहतात.

कार्यप्रणाली या ओट्याचे सारख्या आकाराचे लहान लहान चौकोन पाडते. त्यांना पाने म्हणतात. आपल्या नेहमीच्या संगणकात एक पान बहुधा ४ किलोबाइटचे असते. ४ गिगाबाइट स्मृतीत अशी पाने किती मावतील? १ गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट आणि १ मेगाबाइट म्हणजे १,०२४ किलोबाइट. म्हणून एकूण पाने ४ × १,०२४ × १,०२४ ÷ ४, म्हणजे १०,४८,५७६. साडेदहा लाखांच्या जवळपास पानांचा हा हिशेब कार्यप्रणालीचा गाभा क्षणोक्षणी ठेवीत असतो.

स्मृतीची पाने पाडण्याची ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲटलस' नावाचा संगणक बांधला. १९६२ साली तो सुरू झाला. त्याची वेगवान स्मृती अवघी १६,३८४ शब्दांची होती आणि तिच्या जोडीला चुंबकीय ढोलावर बरीच मोठी पण संथ साठवण होती. या दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे प्रोग्रामला भासावे, अशी योजना त्यांनी केली. लागेल ते पान ढोलावरून वर आणावयाचे आणि न लागणारे परत खाली धाडावयाचे. आज तुमच्या घरातील सर्व्हर हेच करतो.

भरलेली म्हणजे संपलेली नव्हे

आता पहिले मोजमाप. लिनक्सवर 'फ्री' नावाची आज्ञा आहे. ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहावी लागते. तिला 'एम' हा पर्याय जोडला की स्मृतीचा जमाखर्च मेगाबाइटमध्ये समोर येतो. समजा, ४ गिगाबाइटच्या एका सर्व्हरवर तो सुरू केल्यानंतर काही तासांनी पुढील आकडे मिळाले :

एकूण : ३,८६८
वापरात : १,२३०
मोकळी : १८२
साठवणीत : २,४५६
उपलब्ध : २,३४०

(४ गिगाबाइट म्हणजे ४,०९६ मेगाबाइट. त्यातील थोडा भाग यंत्राने आणि गाभ्याने आधीच राखून ठेवलेला असतो; म्हणून एकूण ३,८६८ दिसतात.)

पुष्कळ जण 'मोकळी' या ओळीकडे पाहून घाबरतात. ३,८६८ पैकी मोकळी केवळ १८२! म्हणजे शेकडा ५ सुद्धा नाही. परंतु 'उपलब्ध' ही ओळ २,३४० दाखविते. एकाच वेळी स्मृती संपत आली आहे आणि निम्म्याहून अधिक उरलीही आहे, हे कसे?

पुन्हा ओट्याकडे चला. सकाळी पोह्यांसाठी शेंगदाण्यांचा डबा कोठीतून आणला. पोहे झाले. डबा लगेच परत ठेवायचा का? ओट्यावर जागा असेल तर सुज्ञ गृहिणी तो तेथेच राहू देते. दुपारच्या कोशिंबिरीला दाणे लागले तर कोठीची खेप वाचते. आणि पोळ्या लाटायला जागा हवी झाली, तर डबा तत्काळ उचलता येतो.

लिनक्स असेच करते. डिस्कवरून वाचलेली फाइल काम संपल्यावरही ती स्मृतीत ठेवून देते. हीच 'साठवणीत' ही ओळ. एखाद्या प्रोग्रामने जागा मागितली की यातील बहुतेक जागा ताबडतोब मोकळी करून देता येते. रिकामा ओटा काही कामाचा नसतो, म्हणून कार्यप्रणाली तो मुद्दामच भरलेला ठेवते. मोकळी स्मृती आणि परत मिळू शकणारी साठवण यांचा अंदाज म्हणजे 'उपलब्ध'. गाभा हा आकडा २०१४ सालापासून स्वतःच देऊ लागला. 'फ्री'च्या वेगवेगळ्या आवृत्त्या 'वापरात' या ओळीचा हिशेब थोडा निराळा करतात. म्हणून ओळींची बेरीज तुमच्याकडे अशीच जुळली नाही तर गोंधळू नका. नियम साधा आहे : 'मोकळी' पाहू नका, 'उपलब्ध' पाहा.

वरील यंत्र ठणठणीत आहे. आता त्याच यंत्राचे तक्रारीच्या दिवशीचे, म्हणजे सोळा दिवस अखंड चालल्यानंतरचे वाचन पाहा :

एकूण : ३,८६८
वापरात : ३,३१०
मोकळी : १२०
साठवणीत : ४३८
उपलब्ध : २६०
स्वॅप, एकूण : २,०४८
स्वॅप, वापरात : १,४१२

मोकळी स्मृती १८२ वरून १२० वर आली, म्हणजे फारशी बदलली नाही. उपलब्ध स्मृती मात्र २,३४० वरून २६० वर घसरली. दुखणे येथे आहे.

कोठीच्या खेपा

या दुसऱ्या वाचनात 'स्वॅप' नावाची ओळ आहे. ओटा खरोखरच भरला आणि परत करता येण्याजोगे डबेही संपले, तर काय करावे? अर्धवट चिरलेली भाजी, मळलेली कणीक, हेच उचलून कोठीत नेऊन ठेवावे लागते आणि लागले की परत आणावे लागते. डिस्कवर यासाठी राखलेल्या जागेला स्वॅप म्हणतात.

ही खेप किती महाग पडते, ते मोजू. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ६० ÷ ७,२०० सेकंदांत, म्हणजे ८.३ मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. सुईचा दांडा योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद धरा. एकूण सुमारे १३ मिलिसेकंद. रॅममधील माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात; तेव्हा डिस्क रॅमपेक्षा लाखपटीहूनही अधिक संथ ठरते.

लाखपट म्हणजे किती? ओट्यावरची वस्तू उचलण्यास एक सेकंद लागतो असे समजा. तर कोठीतून ती आणण्यास १,००,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील. ही कोठी शेजारच्या खोलीत नाही. एसटीने परगावी जाऊन मुक्काम करून यावे, इतकी ती लांब आहे!

दर खेपेला १३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला फार तर ८० खेपा. पाने विखुरलेली असतील आणि दर खेपेला ४ किलोबाइटचे एकच पान आले, तर सेकंदाला ३२० किलोबाइट. या गतीने १०० मेगाबाइट परत आणण्यास १०० × १,०२४ ÷ ३२० = ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे वीस सेकंद लागतील. प्रत्यक्षात गाभा शेजारची काही पानेही बरोबर आणतो, त्यामुळे इतका वेळ सहसा लागत नाही. पण छायाचित्र उघडायला अर्धे मिनिट का लागत होते, हे आता ध्यानात येईल. डिस्क फिरती नसून चिपांची, म्हणजे एसएसडी असेल, तर हा फरक पुष्कळ कमी होतो. तरीही तो सुमारे हजारपट उरतोच.

स्वॅप वापरात आहे एवढ्यावरून मात्र रोगनिदान करू नका. महिनोन्‌महिने न लागणारी पाने एकदा कोठीत गेली आणि तेथेच पडून राहिली, तर कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न हा की खेपा चालू आहेत का? त्यासाठी 'व्हीएमस्टॅट' ही आज्ञा आहे. तिच्यापुढे ५ हा आकडा लिहिला की दर पाच सेकंदांनी ती एक ओळ छापते. तिच्यातील 'एसआय' हा रकाना स्वॅपमधून आत आलेली आणि 'एसओ' हा बाहेर गेलेली माहिती दाखवितो. पहिली ओळ सोडून द्या. ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढील ओळींत दोन्ही रकाने बहुतेक शून्य असतील, तर स्वॅपची काळजी नको. दोन्ही सतत शेकड्यांत किंवा हजारांत असतील, तर यंत्र काम करण्याऐवजी खेपाच घालीत आहे. या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली तिची उपपत्ती मांडली. प्रत्येक प्रोग्रामला कोणत्याही थोड्या काळात पानांचा एक ठरावीक संच हाताशी लागतो. सर्व चालू प्रोग्रामांचे असे संच मिळून स्मृतीत मावेनासे झाले, की यंत्राची गती हळूहळू न घटता एकदम कोसळते. "काल तर बरे चालले होते," असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच.

खाणारा कोण?

आता आरोपींची यादी करू. 'टॉप' ही आज्ञा चालू प्रोग्रामांचा तक्ता दाखविते. त्यात शिफ्ट दाबून 'एम' हे अक्षर दाबले की स्मृतीच्या वापराप्रमाणे क्रम लागतो. या तक्त्यातील तीन रकाने नीट समजून घ्या.

'व्हर्ट' म्हणजे प्रोग्रामने मागून ठेवलेला पत्त्यांचा विस्तार. तो कित्येक गिगाबाइट असू शकतो. लग्नाच्या आमंत्रणपत्रिका पाचशे वाटल्या म्हणून पाचशे पाने वाढावी लागतातच असे नाही. तसा हा आकडा. त्याला भिऊ नये.

'रेस' म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेला भाग. पाने वाढली ती एवढी. शोध घ्यावयाचा तो याचा.

'शेअर' म्हणजे त्यापैकी इतर प्रोग्रामांबरोबर सामाईक असू शकणारा भाग. येथे बेरजेत फसगत होते. समजा, जाळ्यावरील पाने पुरविणाऱ्या प्रोग्रामाच्या आठ प्रती चालू आहेत. प्रत्येकीचे 'रेस' ६० मेगाबाइट आणि त्यांतील ४० मेगाबाइट आठांत सामाईक. सरळ बेरीज ८ × ६० = ४८० येते. खरा खर्च मात्र सामाईक ४० एकदाच आणि स्वतंत्र २० आठ वेळा, म्हणजे ४० + १६० = २०० मेगाबाइट. यादीची बेरीज एकूण स्मृतीपेक्षा जास्त आली, तर कारण हेच असते.

आपल्या यंत्रावर तक्रारीच्या दिवशी 'रेस'चे आकडे असे निघाले असे धरू : छायाचित्रांची सूची करणारा प्रोग्राम १,९३० मेगाबाइट, माहितीकोश सांभाळणारा प्रोग्राम ४२०, जाळ्यावरील पाने पुरविणाऱ्या प्रती मिळून (वरच्या हिशेबाने) २००. सर्वांत मोठा खाणारा उघड आहे. पण मोठा आहे म्हणून तोच दोषी, असे लगेच ठरवू नका. घरातील पैलवान जास्त जेवतो, हा काही त्याचा आजार नव्हे. आजार ओळखावयाचा तर एका वाचनाने भागत नाही. कालाबरोबर काय घडते ते पाहावे लागते.

गळती की साठवण?

प्रोग्राम कामासाठी जागा मागतो आणि काम झाले की ती परत करतो. लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे परत करावयाचे राहून गेले, तर दर खेपेला थोडी थोडी जागा अडकत जाते. हिला स्मृतीची गळती म्हणतात. ठिबकणाऱ्या नळासारखी ती एका मिनिटात दिसत नाही, पण रात्रभरात बादली भरते.

ती पकडण्यासाठी संशयित प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा आणि दर सहा तासांनी वहीत 'रेस'चा आकडा लिहा. नंतर आलेखकागदावर आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर मेगाबाइट घेऊन बिंदू मांडा. आपल्या दोन प्रोग्रामांची वाचने अशी समजा :

तास : ०, ६, १२, १८, २४
माहितीकोश : १५०, २९०, ३६५, ४००, ४१०
छायाचित्र-सूची : २१०, २५८, ३०६, ३५४, ४०२

चोवीस तासांनंतर दोन्ही चारशेच्या आसपास आहेत, तरी दोन आलेखांची जात निराळी आहे. माहितीकोशाची वाढ १४०, ७५, ३५, १० अशी घटत जाते आणि रेषा आडवी होऊ लागते. ही साठवण, ती आपल्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून थांबते. सूची करणाऱ्या प्रोग्रामची वाढ मात्र ४८, ४८, ४८, ४८. सरळ रेषा! तिचा चढ ताशी ८ मेगाबाइट आहे. ही गळती.

निदान बरोबर असेल तर त्यावरून जुन्या घटनेचा हिशेब लागला पाहिजे. तक्रारीच्या दिवशी यंत्र १६ दिवस, म्हणजे ३८४ तास चालू होते. ३८४ × ८ = ३,०७२; त्यात आरंभीचे २१० मिळविले की ३,२८२ मेगाबाइट. पण 'रेस' तर १,९३० होते. उरलेले १,३५२ कोठे? त्या दिवशी स्वॅपमध्ये १,४१२ मेगाबाइट होते ना! त्यातील १,३५२ या एकाच प्रोग्रामचे असले पाहिजेत. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या 'स्टेटस' या नोंदीत 'व्हीएमस्वॅप' अशी ओळ असते. तेथे ही अटकळ तपासून पाहता येते. आपले अनुमान एखाद्या निराळ्या मोजमापाने पडताळता आले, की मगच त्यावर विश्वास ठेवावा. प्रयोगशाळेतला हा नियम येथेही लागू आहे.

यादीत न सापडणारे

कधी कधी सर्व प्रोग्रामांची बेरीज थोडी निघते आणि तरीही स्मृती भरलेली असते. अशा वेळी पुढील जागा पाहा.

काही फाइली डिस्कवर आहेत असे वाटते, पण त्या रॅममध्येच ठेवलेल्या असतात. या सोयीला 'टीएमपीएफएस' म्हणतात. तिची मर्यादा वेगळी ठरवून दिली नसेल तर एकूण स्मृतीच्या निम्मी असते. तेथे कोणी मोठी चित्रफीत ठेवून विसरले तर ती जागा 'साठवणीत' मोजली जाते, पण मागून परत मिळत नाही. दुसरे म्हणजे झेडएफएस ही फाइल-व्यवस्था. ती आपली साठवण स्वतः सांभाळते आणि लिनक्सवर बरीच वर्षे तिची न सांगता ठरलेली मर्यादाही स्मृतीच्या निम्मी होती. 'फ्री' ही साठवण 'वापरात' या ओळीत दाखविते. तिसरे म्हणजे गाभ्याची स्वतःची टिपणे. लाखो लहान फाइली असलेल्या सर्व्हरवर नुसती त्यांची नावे लक्षात ठेवण्यासच कित्येकशे मेगाबाइट लागू शकतात. 'स्लॅबटॉप' ही आज्ञा ती दाखविते.

आणि एखादा प्रोग्राम मध्येच नाहीसा होत असेल तर गाभ्याची रोजनिशी वाचा. स्मृती खरोखर संपली की गाभा सर्व यंत्र वाचविण्यासाठी एखाद्या प्रोग्रामला, बहुधा सर्वांत जास्त स्मृती अडविणाऱ्याला, बंद करतो आणि 'आउट ऑफ मेमरी' अशी नोंद ठेवतो. 'डीमेसेज' या आज्ञेने ती सापडते.

मंगळावरील एक उदाहरण

अशी तपासणी कोट्यवधी किलोमीटरवरूनही झालेली आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेची 'स्पिरिट' ही फिरती प्रयोगशाळा ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर उतरली. तिच्या संगणकाची रॅम १२८ मेगाबाइट होती आणि माहिती टिकवून ठेवणारी फ्लॅश स्मृती २५६ मेगाबाइट. २१ जानेवारीला तिचा नीट संपर्क तुटला. संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत होता, असे साठाहून अधिक वेळा घडले. रात्री झोपी जाण्याची आज्ञाही पाळली जाईना, त्यामुळे विद्युतघट उतरू लागले.

यंत्र बिघडले म्हणून शास्त्रज्ञांनी हात टेकले नाहीत. सुरू होताना फ्लॅश स्मृतीकडे पाहूच नकोस, अशी आज्ञा त्यांनी पाठविली, आणि यंत्र शांतपणे सुरू झाले! दोष कोठे आहे याची दिशा मिळाली. सात महिन्यांच्या प्रवासात आणि उतरल्यानंतर फ्लॅशवर असंख्य फाइली साठल्या होत्या. सुरू होताना त्या सर्वांची यादी रॅममध्ये घेतली जाई. यादी इतकी वाढली की रॅम पुरेना. म्हणून संगणक पुन्हा सुरू होई आणि पुन्हा तीच यादी वाचू लागे. अनावश्यक फाइली काढल्या, फेब्रुवारीत फ्लॅश नव्याने आखून घेतली आणि स्पिरिट कामाला लागली. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठविलेल्या त्या यंत्राचा शेवटचा संदेश मार्च २०१० मध्ये आला.

तेथे रॅम वाढविणे शक्य नव्हते. एक गोष्ट बदलून परिणाम पाहणे, एवढेच शक्य होते, आणि तेवढे पुरले.

उपाय, क्रमाने

आता उपायांकडे वळू. एका वेळी एकच बदल करा, वहीत लिहा, दिवसभर थांबा आणि पुन्हा मोजा. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा ते कळत नाही.

पहिला उपाय फुकटचा : जे लागत नाही ते बंद करा. जुन्या सर्व्हरवर पूर्वी हौसेने घातलेल्या कितीतरी सेवा चालू असतात. पडदाच जोडलेला नसेल तर खिडक्या-चित्रे दाखविणारी व्यवस्था तरी कशाला?

दुसरा : गळणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीचा घ्या. अशी चूक बहुधा इतरांनाही आढळलेली असते आणि लिहिणाऱ्यांनी ती दुरुस्त केलेली असते. दुरुस्ती उपलब्ध नसेल तर तो प्रोग्राम आठवड्यातून एकदा आपोआप पुन्हा सुरू होईल असे करा. १६८ तास × ८ = १,३४४ मेगाबाइट; आपल्याकडे उपलब्ध आहेत २,३४०. म्हणजे आठवडा सुखाने निघतो. हा इलाज मुळाचा नाही, पण हिशेबाने केलेला आहे.

तिसरा : मर्यादा घाला. माहितीकोशाची साठवण, जाळ्यावरील पाने पुरविणाऱ्या प्रतींची संख्या, झेडएफएसची साठवण, हे सारे कमी करता येते. 'सिस्टिमडी' ही सेवा-व्यवस्था असलेल्या लिनक्सवर 'मेमरीमॅक्स' असे लिहून कोणत्याही सेवेला कमाल मर्यादा ठरविता येते. मग गळती झाली तरी एक सेवा पडते, सारे घर अडत नाही.

चौथा : एवढे करूनही 'उपलब्ध' कायम तळाशी आणि खेपा चालूच असतील, तर रॅम खरोखर कमी आहे. ती वाढविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. मुख्य पाटी जास्तीत जास्त किती रॅम घेते? पट्टी कोणत्या पिढीची? डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांच्या खाचा निराळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आणि कार्यप्रणाली ३२ बिटांची आहे की ६४? ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते लिहिता येतात. ते बरोबर ४ गिगाबाइट होतात. त्यापुढची रॅम वापरावयाची तर सर्वसाधारणपणे ६४ बिटांची कार्यप्रणाली हवी.

एक भेद लक्षात ठेवा. स्मृती भरणे आणि स्मृतीची पट्टी नादुरुस्त होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पट्टी बिघडली तर फाइली खराब होतात, यंत्र अवचित थांबते. वापराचा आकडा मात्र वाढत नाही. तो संशय असेल तर 'मेमटेस्ट' हा प्रोग्राम रात्रभर चालवून पाहा. पट्टी खराब असेल तर तेथे काटकसर करू नये, ती बदलावी.

यंत्र ठेवावे की काढावे हेही मोजून ठरवा. जुना संगणक सतत ५० वॅट घेत असेल तर महिन्याला ५० × २४ × ३० ÷ १,००० = ३६ युनिट वीज लागते; १० वॅटच्या लहान यंत्राला ७.२ युनिट. विजेची बचत आणि नव्या यंत्राची किंमत यांची तुलना तुमच्या घरच्या बिलावरून करता येईल. काढावयाचेच ठरले तर डिस्कवरील माहिती पुसून ते अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. परंतु 'म्हातारे झाले' या एका शब्दावर नको. वहीतील आकड्यांवर निर्णय घ्या.

करून पाहा

१. शाळेतील किंवा घरातील लिनक्स संगणकावर 'फ्री' चालवा. मग २०० मेगाबाइटची एखादी फाइल दोनदा वाचा. दुसरी खेप जलद का झाली? कोणती ओळ वाढली?

२. एका प्रोग्रामची सहा-सहा तासांची वाचने १८०, २१०, २४०, २७० मेगाबाइट आहेत. गळतीचा ताशी वेग काढा. १,२०० मेगाबाइट उपलब्ध असतील तर त्या किती दिवस पुरतील?

३. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा सरासरी अर्धा फेरा किती मिलिसेकंदांचा?

४. एखाद्या प्रोग्रामचा आलेख दर रात्री दोन वाजता एकदम चढतो आणि मध्ये सपाट राहतो. शोध कोठून सुरू कराल?

(उत्तरे : २. ताशी ५ मेगाबाइट. २४० तास, म्हणजे १० दिवस. ३. सुमारे ५.६ मिलिसेकंद. ४. रात्री दोनला आपोआप कोणते काम चालते, ते आधी पाहावे.)